पाचव्या ओंडक्यावरची दुसरी खूण

आमच्या चर्चच्या उत्तरेकडच्या भिंतीत, खालून पाचव्या ओंडक्याच्या टोकाशी दोन खुणा कोरलेल्या आहेत. पहिली चार मिलिमीटर खोल आहे. तिच्या कडा गुळगुळीत आहेत आणि लाकूड सुकताना जरा आत ओढल्या गेल्या आहेत. दुसरी तिच्यापासून तीन बोटांवर, दोन मिलिमीटरहूनही कमी खोल, आणि तिच्या दोन्ही कडांचे बारीक कपचे उडालेले आहेत. ओक ओला असतो तेव्हा छिन्नी त्यात ताज्या चीजमध्ये सुरी जावी तशी जाते. पुरता वाळला की तोच ओक छिन्नी परतवून लावतो. म्हणजे पहिली खूण झाड तोडलं त्याच हिवाळ्यातली. दुसरी कित्येक वर्षांनंतरची.

ओंडक्यांवर अशा खुणा दोनच प्रसंगी करतात. भिंत पहिल्यांदा रचताना, आणि उभी भिंत उतरवून दुसरीकडे रचायची असेल तेव्हा.

ऑगस्टच्या बारा तारखेला सकाळी मी त्या खुणांवर भिंग धरून उभी होते. नवं मोजण्यासारखं तिथे काहीच नव्हतं.

"वोइका! अगं, लग्न लावतेस का काय त्या भिंतीशी?"

नस्तासिया मावशी कुंपणातून आत येत होत्या. त्र्याहत्तर वर्षांच्या, डोक्याला काळा रुमाल, पायात जावयाचे बूट. आमच्या ब्रेबोया गावातल्या बायकांमध्ये त्यांचा शब्द शेवटचा असतो. त्यांच्या मागे फादर युस्तिन मोजपट्टी घेऊन आले.

"बघू दे की तिला," फादर म्हणाले. "तिच्यामुळेच तर आपलं चर्च नकाशावर आलं."

"नकाशावर तातारांनीच आणलं असतं, आपल्या आयाबायांनी घोंगड्या भिजवल्या नसत्या तर. राख म्हणून." मावशी स्वतःच हसल्या. "वोइका, ऐक. बायकांचं ठरलंय. यंदा बादली तुझी."

मी भिंग खिशात ठेवलं. "माझी? मी तर आता शहरात राहते मावशी."

"म्हणून काय झालं? नाळ इथेच पुरलीय ना? तुझा बाप चाळीस वर्षं इथली घंटा वाजवत होता. आणि या चर्चचं वय कुणी काढलं? तूच. मग तूच ओत. नाही म्हणालीस तर मी समजेन, शहाणी झाली म्हणून आता आमची लाज वाटते."

बादलीचं सांगायला हवं. पंधरा ऑगस्टला मरियामातेचा सण असतो, आमच्या चर्चचा वार्षिक दिवस. आजूबाजूच्या गावांतून लोक निशाणं घेऊन, गात गात चालत येतात. आम्ही फाटकात उभं राहून त्यांना वेणीसारखा गुंफलेला पाव आणि मीठ देतो. एका गावाला मात्र आधी थांबवतो. उल्मोआसाला. सतराशे सतरा साली तातार आले तेव्हा त्यांनी या खोऱ्यातली चर्चं जाळली. आमचं तेवढं वाचलं, कारण आमच्या बायका छपरावर चढून बसल्या आणि ओल्या घोंगड्यांनी त्यांनी लाकडी कौलं झाकून धरली. आणि तातारांना आमची वाट दाखवली ती उल्मोआसाच्या लोकांनी. असं आम्ही सांगतो. म्हणून दर वर्षी उल्मोआसाचे लोक फाटकाशी आले की आमच्यातली एक बाई बादलीभर पाणी त्यांच्या पायांवर ओतते आणि म्हणते, "ठिणग्या विझवून आत या." सगळे हसतात. तेही हसतात. मग त्यांनाही पाव मिळतो, पालिंका, म्हणजे प्लमची कडक दारू, मिळते, आणि ते ओल्या पायांनी दोन तास प्रार्थनेला उभे राहतात.

"आणि दुसरं," फादर मोजपट्टी फाटकाच्या खांबाला लावत म्हणाले, "नवी पाटी. सुतार परवा अक्षरं कोरायला बसतोय. तीन ओळी दे मला लिहून. साल घाल. तातारांच्या आगीतून वाचलेलं, वगैरे. तुझं नाव खाली."

"माझं नाव नको."

"अरे वा," मावशी म्हणाल्या. "विनय बघा. बापावर गेलीय."

बापावर मी गेलेले नाही. माझे वडील, ग्रिगोरे, त्यांना खरं वाटायचं तेच बोलायचे.

एकोणीस वर्षांपूर्वी मी प्रयोगशाळेत नवीन होते. लाकडाच्या कड्यांवरून वय काढायचं काम शिकत होते. झाड दर वर्षी एक कडं वाढवतं. पावसाच्या वर्षी रुंद, कोरड्या वर्षी अरुंद. एका खोऱ्यातल्या सगळ्या ओकांची ही रुंद-अरुंदाची रांग सारखीच असते, त्यामुळे जुन्या तुळईतून बोटाएवढी जाड सळई पोखरून काढली आणि कडी मोजली की झाड कोणत्या हिवाळ्यात तोडलं ते सांगता येतं. मी हट्टानं माझ्याच गावाचं चर्च मागून घेतलं. सतरा नमुने काढले. वडील शिडी धरून उभे होते आणि प्रत्येक नमुना बाहेर आला की विचारत होते, "काय म्हणतोय?"

भिंतींतले अकरा नमुने सोळाशे बावन्न-त्रेपन्नच्या हिवाळ्यातले निघाले. पायातल्या तुळयांचे चार आणि मनोऱ्याचे दोन सतराशे एकोणीस-वीसच्या हिवाळ्यातले.

तातार आले त्यानंतर दोन वर्षांनी पाया आणि मनोरा एकदमच नवा. पाया बदलायला वरच्या भिंती उचलाव्या लागतात, आणि भिंतींवर तर दुसऱ्या खुणा होत्याच. मी त्या पाहिल्या होत्या. अहवालात मी अकरा नमुने तक्त्यात घातले आणि सहांसाठी तळाशी एक ओळ लिहिली: नंतरच्या दुरुस्तीचे. ते अशक्य नव्हतं. शक्य गोष्टींपैकी मला हवी ती मी उचलली, इतकंच.

त्या संध्याकाळी वडिलांनी बेसुमार घंटा वाजवली. फादर धावत आले, कुणी गेलं का म्हणून विचारायला. "गेलं नाही, राहिलं!" वडील ओरडले. "तातारांच्या आधी चौसष्ट वर्षं! माझ्या पोरीनं मोजलंय!" मी पायरीवर बसून हसत होते.

पुढच्या आठ वर्षांत ती दुरुस्तीची ओळ मी जवळजवळ विसरले. मग एका वेगळ्याच कामासाठी उल्मोआसाला गेले. त्यांचं आजचं चर्च विटांचं आहे, लहानसं, अठराशे सत्तरच्या सुमाराचं. त्याआधी दीडशे वर्षं त्यांच्याकडे धड चर्चच नव्हतं. एका खोपटात प्रार्थना व्हायची. आळशी म्हणून, असं आम्ही म्हणायचो. त्यांच्या फाटकाची वरची तुळई मात्र जुन्या ओकची आहे. तिच्या एका टोकाला कबुतराच्या शेपटीच्या आकाराचा सांधा कापलेला आहे. फाटकात त्या सांध्याचा काही उपयोग नाही. तो भिंतीच्या कोपऱ्यात लागतो.

मी त्या तुळईचा नमुना घेतला. दोन वेगवेगळी झाडं कितीही शेजारी वाढली तरी त्यांच्या कड्यांत थोडा फरक राहतोच. त्या तुळईची एकशे अठ्ठावीस कडी आणि आमच्या पाचव्या ओंडक्याची कडी मी एकावर एक ठेवली, तेव्हा फरक राहिला नाही. ते एकच झाड होतं. एका झाडाचा एक भाग आमच्या भिंतीत होता आणि उरलेला त्यांच्या फाटकावर. भिंत उतरवताना एक ओंडका त्यांच्याकडे मागे राहिला होता.

म्हणजे आमचं चर्च सतराशे सतरात वाचलं नाही. ते जळलं. हे जे उभं आहे ते उल्मोआसाचं. त्यांनी ते उतरवलं, प्रत्येक ओंडक्यावर क्रमानं खूण केली आणि इथे आणून दिलं. का दिलं ते लाकूड सांगत नाही. आमचं गाव मोठं होतं म्हणून, की आमची माणसं फार मेली होती म्हणून, मला माहीत नाही. आम्ही ओढून आणलं असेल का, हाही विचार मी करून पाहिला. पण लुटून नेणारा माणूस चौऱ्याऐंशी ओंडक्यांवर सावकाश, ओळीनं खुणा करत बसत नाही. आणि उतरवलेलं घर फक्त ते उतरवणाऱ्यालाच नीट वाचता येतं. म्हणजे रचायलाही तेच आले असणार.

याला अकरा वर्षं झाली. ते आकडे माझ्या टेबलाच्या खणात आहेत.

पहिली आठ वर्षं मी वडिलांचं कारण स्वतःला दिलं. म्हाताऱ्याचं मन कशाला मोडायचं? तीन वर्षांपूर्वी ते गेले. त्यानंतर कारण उरलं नाही, तरी मी गप्पच राहिले. तेव्हा मला कळलं की कारण ते नव्हतंच. सणाच्या दिवशी मावशी मला पहिल्या ओळीत उभं करतात. पर्यटक आले की फादर म्हणतात, आमच्या वोइकाला विचारा, तिचा आकडा चुकत नाही. मला ते आवडतं. एवढंच कारण होतं.

तेरा तारखेला दुपारी मी परत चर्चपाशी गेले. छपराची जुनी कौलं बदलणं चाललं होतं. ते काम करणारे दोघेही उल्मोआसाचे. या खोऱ्यात लाकडी कौलं बसवावीत तर त्यांनीच. त्यांच्यातल्या एकाची बायको दोकिया जेवण घेऊन आली होती आणि गवतावर फडकं पसरून बसली होती. शाळेत ती माझ्या पुढच्या बाकावर असायची. मी तिची वेणी ओढून "वाटाड्या, वाटाड्या" म्हणायचे. पाच वर्षं म्हणत होते. शाळेत आम्ही सगळेच त्यांना तातारांचे वाटाडे म्हणायचो.

"ये, बस," ती म्हणाली. "सार्माले आहेत. कोबी आमच्याच परड्यातला. की शास्त्रज्ञ लोक आधी तपासून बघतात?"

मी बसले. तिनं भात भरून गुंडाळलेल्या कोबीच्या पानाचं एक सार्माले माझ्या हातावर ठेवलं.

वरून तिचा नवरा ओरडला, "दोकिया, मला उरू दे हं! ब्रेबोयाच्या लोकांना एकदा द्यायला लागलं की संपलंच!"

"तू कौलं मोज!" तिनं खालून सुनावलं. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "ऐकलं मी. यंदा बादली तुझ्याकडे आहे म्हणे."

"कोण म्हणालं?"

"नस्तासिया मावशीनं काल बाजारात सांगितलं. मोठ्यानं. टोमॅटोवाल्यालासुद्धा कळलं." ती हसली. "पाणी कोमट करून आण गं. गेल्या वर्षी त्या अनिशोरानं विहिरीतलं ओतलं, माझे गुडघे हिवाळाभर धरले होते."

हातातलं सार्माले तसंच होतं.

"थट्टा करतेय मी," ती म्हणाली. "मी जुने रबरी जोडे घालून येते आता. त्यांना काय होतंय."

"किती जण येताय?"

"अकरा." तिनं बोटं पुसली. "पूर्वी साठ यायचो. तरुण कुणी येत नाही. माझी मुलगी म्हणाली, आई, मी का भिजू? मी काय केलं? मी म्हटलं, अगं थट्टा असते ती. ती म्हणाली, थट्टा असते तर एकदा त्यांना भिजवून बघ." दोकियानं फडक्यावरचा चुरा झटकला. "खरं सांगायचं तर माझंही हे शेवटचंच वर्ष. निशाण धरायला पुढे कुणी नाही. म्हटलं, एकदा नीट येऊन जाऊ, आणि मग बंद करू."

तो सांगण्याचा क्षण होता. माझ्याजवळ आकडे होते, भिंत दहा पावलांवर होती, आणि जिचं चर्च होतं ती समोर बसली होती. मी म्हणाले, "कोबी छान मुरलाय."

"तो मुरतोच," दोकिया म्हणाली आणि भांडी आवरू लागली.

त्याच संध्याकाळी मी फादर युस्तिनांच्या घरी गेले. सगळं सांगायचं ठरवून गेले होते. ते ओसरीवर चष्मा लावून बसले होते आणि शेजारी नवी फळी उभी करून ठेवली होती, रंधा मारलेली, कोरी.

"आणलंस?" त्यांनी विचारलं.

मी खिशातून कागद काढून दिला. तो मी दुपारीच लिहिला होता, म्हणजे ठरवून गेले होते हेही तितकंसं खरं नाही. त्यावर होतं: हे चर्च सोळाशे त्रेपन्नच्या ओकाचं आहे. तातारांची आग या खोऱ्यातून गेली. हे ओंडके आजही उभे आहेत.

फादरांनी मोठ्यानं वाचलं. "वा. साधं आणि भारदस्त. लोकांना जे समजायचं ते बरोबर समजेल."

"हो," मी म्हणाले.

त्या तीन ओळींत एकही चूक नव्हती. तेच वाईट होतं. एकोणीस वर्षांपूर्वी मी निदान अडाणी होते. आता मी प्रत्येक शब्द तपासून, मोजून, खोटं लिहिलं होतं. आमच्या धंद्यात आकडा चुकला तर माणूस दिलगिरी छापतो आणि पुढे जातो. हे चुकणं नव्हतं, आणि याच्यासाठी माझ्याकडे शब्दही नव्हता.

"काय गं, बरं नाही का?" फादरांनी विचारलं. "तोंड उतरलंय तुझं."

"ऊन लागलं असेल."

"पाणी पी. परवा तुला पाणीच ओतायचंय," असं म्हणून ते हसले आणि कागदाची घडी घालून त्यांनी ती प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवली.

पंधराला सकाळी फाटकाशी सगळं गाव जमलं. बायकांचे पांढरे सदरे, आडव्या लाल-काळ्या पट्ट्यांचे घागरे, पुरुषांच्या डोक्यावर त्या एवढ्याशा गवती टोप्या. पाटी खांबावर चढली होती; तिच्यावर पांढरं कापड टाकलं होतं. मावशींनी बादली माझ्या हातात दिली. लाकडी, लोखंडी पट्ट्यांची, आठ लिटरची. मी बोट बुडवून पाहिलं. पाणी विहिरीतलं होतं.

"कोमट का नाही केलं?" मी विचारलं.

"कोमट?" मावशींनी माझ्याकडे पाहिलं. "त्यांना काय आंघोळ घालायचीय?" आजूबाजूच्या बायका खो खो हसल्या.

तीन गावं आली, पाव-मीठ घेऊन आत गेली. मग वळणावर गाणं ऐकू आलं, जरा पातळ, कारण गळे थोडे होते. अकरा माणसं. मी मोजली. सगळी पन्नाशीच्या आसपासची किंवा पुढची. पुढे दोकिया, दोन्ही हातांत निशाण, पायात काळे रबरी जोडे. सहा किलोमीटर चालत आल्यामुळे त्यांचे चेहरे लाल झाले होते. ते फाटकाच्या दोन पावलं अलीकडे आपणहून थांबले. कुणी त्यांना थांबा म्हणालं नव्हतं.

"आले का वाटाडे!" मागून कुणीतरी ओरडलं.

"आलो, आलो," उल्मोआसाचा एक म्हातारा म्हणाला. "वाट सापडायला आम्हाला उशीर होत नाही."

हशा झाला. त्या म्हाताऱ्यानं हसतच विजारीचे पाय दुमडायला घेतले. तो वाकला तेव्हा त्याला एक हात गुडघ्यावर टेकावा लागला. बाकीच्या बायकांनीही घागरे चार बोटं वर धरले. रोजचं काम करावं तसं, एकमेकींशी काहीतरी बोलत.

दोकियानं निशाण उंच उचललं, त्याची झालर भिजू नये म्हणून. मग तिनं माझ्याकडे पाहिलं. पाणी बादलीच्या काठावरून माझ्याच पायांवर सांडलं.

"घाबरू नकोस गं," ती हलक्या आवाजात म्हणाली. "आम्हाला सवय आहे. पटकन ओत, म्हणजे झालं."

ती मला सोपं करून देत होती.

"वोइका," मावशी मागून कुजबुजल्या. "ओत ना. ठिणग्या विझवून आत या, म्हण. विसरलीस का?"

मी बादली खाली ठेवली. ती दगडावर जरा जोरात टेकली. फादर युस्तिन पाटीवरच्या कापडाचं टोक हातात धरून उभे होते.

"मावशी, मी हे ओतणार नाही," मी म्हणाले. मग फादरांकडे वळून मोठ्यानं म्हणाले. "फादर, ते कापड काढू नका. पाटीवर मी जे लिहून दिलंय ते फसवणूक आहे. आपलं चर्च तातारांनी जाळलं. कुठल्याही घोंगड्यांनी ते वाचलं नाही. हे चर्च उल्मोआसाचं आहे. त्यांनी स्वतःचं उतरवून आपल्याला आणून दिलं, आणि स्वतः दीडशे वर्षं खोपटात प्रार्थना केली. हे मला अकरा वर्षं माहीत आहे. मी मुद्दाम सांगितलं नाही."